तुकडोजी महाराज

(एप्रिल १९०९–११ ऑक्टोबर १९६८). विसाव्या शतकातील मराठी व हिंदी संतकवी, खंजिरी भजनाचे प्रवर्तक आणि ग्रामसुधारणेच्या चळवळीचे एक अग्रणी. मूळ नाव माणिक बंडोजी ठाकूर. जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी एका गरीब कुटुंबात. वडिलांचे नाव बंडोजी व आईचे मंजुळा. शालेय शिक्षण जेमतेम तिसऱ्या इयत्तेपर्यंत. त्यांच्या कवित्वाचा विकास विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून झाला आणि त्याचा सर्वांत तीव्र सामाजिक प्रत्यय चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे १९४२ साली आला. त्यामुळे त्यांच्या चरित्रात व काव्यविचारात चिमूर परिसराला विशेष स्थान आहे.

बालपण व साधना : माणिकला लहानपणापासून भजनाची व ध्यानाची ओढ होती. वरखेड येथील सत्पुरुष आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. भाकरीच्या तुकड्यावर राहून भजन करणाऱ्या या मुलाला ‘तुकड्या’ हे नाव त्यांच्याकडूनच मिळाले, असे परंपरा सांगते. पुढे ‘तुकड्या’ आणि ‘तुकड्यादास’ याच मुद्रा त्यांच्या पदांच्या अखेरीस येऊ लागल्या व त्यांवरून तुकडोजी हे नाव रूढ झाले. नावात दैन्य असले, तरी त्याचा त्यांनी कधी संकोच केला नाही. समाजाच्या अन्नावर जगणाऱ्याने समाजाचे ऋण फेडले पाहिजे, हा त्यांच्या पुढील आयुष्याचा सूत्ररूप विचार या नावात बीजरूपाने आढळतो.

शाळा व घर सोडून त्यांनी तारुण्याच्या उंबरठ्यावरील काही वर्षे रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि गोंदोडा येथील रानांत घालविली. यांपैकी गोंदोडा (गोंदेडा) हे चिमूर तालुक्यातील गाव होय. तेथील गुहेत त्यांनी साधना केली, म्हणून ते स्थान ‘तपोभूमी’ म्हणून ओळखले जाते व तेथे दरवर्षी यात्रा भरते. साग, बांबू व मोह यांच्या दाट जंगलाचा हा मुलूख. विरळ वस्ती, धानाची शेती, तेंदूपाने व मोहफुले वेचून होणारी मिळकत, साथीचे रोग आणि सावकारी पाश ही येथील जीवनाची तत्कालीन वैशिष्ट्ये होती. एकांताच्या शोधात आलेल्या या तरुण साधकाला येथे एकांताबरोबर अभावाचेही दर्शन घडले. त्यांच्या उत्तरकालीन काव्यात ईश्वराच्या शोधाची वाट हळूहळू अरण्यातून गावाकडे वळते. त्या वळणाची पार्श्वभूमी या अनुभवात आहे.

खंजिरी भजन : खंजिरी हे एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवावयाचे लहान चर्मवाद्य. लाकडी कड्याच्या एका बाजूस कातडे ताणलेले असते व कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या बसविलेल्या असतात. वाद्य स्वस्त, हलके व कोठेही नेण्याजोगे. तुकडोजींनी या साध्या वाद्याला भजनाचा प्रमुख आधार बनविले. ते स्वतः खंजिरी वाजवीत, पद म्हणत, मध्येच थांबून त्याचा अर्थ गावातील उदाहरणांनी उलगडीत आणि पुन्हा पदाकडे वळत. वारकरी कीर्तनातील निरूपण आणि खेड्यातील रात्रीचे भजन यांचा हा मिलाफ होता. टाळकऱ्यांच्या मोठ्या ताफ्याची वा शास्त्रोक्त गायनाच्या शिक्षणाची त्याला गरज नव्हती. म्हणूनच त्याचे अनुकरण सहज झाले आणि गावोगावी खंजिरी भजनी मंडळे उभी राहिली.

त्यांची रचना विपुल असून ती अभंग, पद, ओवी आणि हिंदी भजन अशा विविध प्रकारांत विभागलेली आहे. अनुभवसागर भजनावली, राष्ट्रीय भजनावली व सेवास्वधर्म हे मराठी संग्रह आणि लहर की बरखा हा हिंदी भजनांचा संग्रह प्रसिद्ध आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाड हा त्या काळी मराठी आणि हिंदी भाषकांचा एकत्र प्रांत होता. त्यामुळे दोन्ही भाषांत रचना करणे ही तेथील लोककवीच्या दृष्टीने स्वाभाविक गोष्ट होती. त्यांची हिंदी व्याकरणशुद्ध ग्रांथिक हिंदी नसून नागपूर-वऱ्हाडच्या बाजारात व वाटेवर बोलली जाणारी आहे. त्यांच्या मराठीतही वैदर्भीय वळणे मोकळेपणाने येतात.

विषयाच्या दृष्टीने या भजनांचे तीन स्तर पडतात. आरंभीच्या रचनांत गुरुभक्ती, वैराग्य व नामस्मरण यांचे प्राधान्य आहे. दुसऱ्या स्तरात अंतःकरणातील भावावाचून केलेल्या पूजेचा, नवससायासांचा व बुवाबाजीचा उपहास येतो. राजवाड्याच्या ऐश्वर्यापेक्षा झोपडीतील निर्भय व मोकळे जीवन श्रेष्ठ मानणारी त्यांची कविता याच वृत्तीची असून ती मराठी घराघरांत पोहोचली आहे. तिसऱ्या स्तरात देशभक्ती, श्रमप्रतिष्ठा, अस्पृश्यतानिवारण, व्यसनमुक्ती, ग्रामस्वच्छता आणि सर्वधर्मसमभाव हे विषय प्रकर्षाने येतात. हे स्तर कालक्रमाने काटेकोर वेगळे नाहीत. एकाच भजनात ते अनेकदा एकमेकांत मिसळतात.

राष्ट्रीय चळवळ : १९३५ साली सालबर्डी येथे त्यांनी मोठा यज्ञ आयोजित केला व त्याला प्रचंड जनसमुदाय लोटला. त्याच वर्षी अमरावती-नागपूर मार्गावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्राम येथे सुमारे महिनाभर राहिले. प्रार्थना, सूतकताई, सफाई व शरीरश्रम यांना एकाच दिनक्रमात बसविणाऱ्या त्या आश्रमजीवनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. यानंतर त्यांच्या भजनांतील राष्ट्रीय आशय अधिक स्पष्ट झाला.

चिमूर, १९४२ : चिमूर हे त्या वेळी चांदा जिल्ह्यातील एक मोठे खेडे होते. बालाजीचे देवस्थान आणि तेथील माघातील घोडायात्रा यांमुळे ते पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. १९४२ च्या पावसाळ्यात चातुर्मासानिमित्त तुकडोजींच्या भजनांचे कार्यक्रम या भागात होत असत व त्यांना आसपासच्या गावांतून मोठी गर्दी जमे. ‘छोडो भारत’ चा ठराव ८ ऑगस्ट रोजी मुंबईत संमत होऊन राष्ट्रीय नेत्यांची धरपकड झाली. ही वार्ता खेड्यांत पोहोचली, तेव्हा तेथील लोकांजवळ वृत्तपत्रे वा नेते नव्हते, परंतु पाठ असलेली भजने होती. शस्त्रे नसली तरी रानातील झाडे व दगडच शस्त्रांचे काम करतील, अशा आशयाचे त्यांचे हिंदी पद तरुणांच्या तोंडी होते.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये प्रभातफेरी निघाली. पोलिसांशी संघर्ष होऊन गोळीबार झाला व त्यात बालाजी रायपूरकर हा तरुण मुलगा मृत्युमुखी पडला. प्रक्षुब्ध जमावाने सरकारी विश्रामगृहास आग लावली. उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, मंडळ पोलीस निरीक्षक जरासंध आणि एक शिपाई असे चार शासकीय सेवक मारले गेले. याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही असाच उद्रेक झाल्यामुळे ‘चिमूर-आष्टी’ हा जोडउल्लेख स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात रूढ झाला. चिमूरचा बाहेरील जगाशी संपर्क काही दिवस तुटला. त्यानंतर लष्कर व पोलीस गावात शिरले. पुरुषांना मोठ्या संख्येने अटक झाली आणि मागे राहिलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या गंभीर तक्रारी पुढे आल्या.

या तक्रारींची चौकशी व्हावी, म्हणून सेवाग्रामचे आश्रमवासी प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी उपोषण आरंभिले. ते ६३ दिवस चालून १२ जानेवारी १९४३ रोजी समाप्त झाले. चिमूरसंबंधीच्या वृत्तांवर घातलेली बंदी या उपोषणामुळे शासनास उठवावी लागली. खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा ठोठावली गेली होती. अनसूयाबाई काळे व इतरांनी केलेल्या दीर्घ प्रयत्नांमुळे व देशव्यापी लोकमतामुळे फाशीच्या अनेक शिक्षा पुढे जन्मठेपेत रूपांतरित झाल्या.

तुकडोजी महाराजांना ऑगस्टच्या अखेरीस चांदा येथे अटक करण्यात आली व नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत सुमारे शंभर दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यांच्या भजनांनी लोक जागे झाले, याविषयी दुमत नाही. तथापि जागृती आणि हत्या यांत थेट कार्यकारणसंबंध मानणे योग्य ठरत नाही. नेत्यांची अटक, निःशस्त्र मुलाचा मृत्यू, शासनाविषयीचा साचलेला रोष आणि जमावाचे मानसशास्त्र या सर्वांचा त्या दिवसाच्या घटनांत वाटा होता. शिवाय, गांधीजींच्या अहिंसेचा संस्कार घेतलेल्या कवीच्या शब्दांतून श्रोत्यांनी रूपक उचलले की आज्ञा, हा प्रश्न उरतोच. गाऊन सांगितलेला शब्द गाणाऱ्याच्या हाती राहत नाही. तो ऐकणाऱ्याच्या परिस्थितीप्रमाणे अर्थ धारण करतो. चिमूर हे या सत्याचे एक वेदनादायक उदाहरण आहे. एका बाजूस त्या शब्दांनी भित्र्या समजल्या गेलेल्या खेड्याला साम्राज्यासमोर उभे केले; दुसऱ्या बाजूस त्या दिवसाची किंमत गावातील स्त्रियांना, तुरुंगात खितपत पडलेल्या पुरुषांना व मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना मोजावी लागली.

सुटकेनंतरच्या त्यांच्या कार्याची दिशा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. क्षणिक आवेशापेक्षा रोजची शिस्त, जमावापेक्षा संघटन आणि बलिदानापेक्षा सेवा यांवर त्यांनी अधिकाधिक भर दिला.

संघटनात्मक कार्य : १९४३ साली अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवामंडळाची स्थापना झाली. गुरुकुंज येथे मुद्रणालय सुरू होऊन श्रीगुरुदेव हे मासिक निघू लागले. सामुदायिक प्रार्थना हा या मंडळाच्या कार्याचा कणा होय. गावातील सर्व जातिधर्मांच्या स्त्रीपुरुषांनी ठराविक वेळी, ठराविक पद्धतीने, ओळीने एकत्र बसावे, प्रार्थना करावी आणि त्यानंतर गावच्या प्रश्नांचा विचार करावा, अशी तिची योजना होती. जेथे एका पंगतीत जेवणे दुर्घट होते, तेथे एका पंगतीत बसून प्रार्थना करणे ही सामाजिक परिवर्तनाची पहिली पायरी ठरली. पहाटेची ग्रामसफाई, व्यायामशाळा, वाचनालय, सामुदायिक विवाह व व्यसनमुक्ती हे उपक्रम या प्रार्थनेला जोडले गेले.

स्वातंत्र्योत्तर काळात त्यांनी आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीस साहाय्य केले. १९५५ मध्ये जपान येथे भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस ते उपस्थित राहिले व तेथेही त्यांनी खंजिरीवर भजन सादर केले. १९५६ मध्ये भारत साधुसमाजाची स्थापना झाली, तेव्हा ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. संन्याशांनी मठात न राहता राष्ट्ररचनेत वाटा उचलावा, ही त्यामागील भूमिका होती. १९६२ व १९६५ च्या युद्धांच्या वेळी त्यांनी सीमेवरील सैनिकांसमोर भजने केली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचा ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरव केला व ती उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. कर्करोगाने गुरुकुंज मोझरी येथे त्यांचे निधन झाले.

ग्रामगीता : तुकडोजींच्या वाङ्मयातील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ. १९५३–५५ या काळात तो सिद्ध होऊन प्रसिद्ध झाला. त्यात ४१ अध्याय व ४,६७५ ओव्या आहेत. पाचपाच अध्यायांची आठ पंचके आणि अखेरीस ग्रंथमहिम्याचा अध्याय अशी त्याची रचना आहे. ग्रंथ ग्रामदेवतेस अर्पण केलेला असून येथे ग्रामदेवता म्हणजे शेंदूर फासलेली मूर्ती नव्हे, तर गावात राहणारी माणसे, असा अर्थ अभिप्रेत आहे.

भगवद्गीतेवरील भाष्याची परंपरा मराठीत ज्ञानेश्वरीपासून विनोबांच्या गीताईपर्यंत अखंड आहे. ग्रामगीता हे नाव त्या परंपरेचे स्मरण देते. तथापि हा ग्रंथ कोणत्याही मूळ ग्रंथाची टीका नाही. रणांगणाच्या जागी येथे गाव आहे आणि मोहग्रस्त योद्ध्याच्या जागी हतबल ग्रामस्थ. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्राम-आरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, जीवनशिक्षण, महिलोन्नती, वैवाहिक जीवन, सणोत्सव, यात्रामेळे, दलितसेवा, संतचमत्कार, प्रारब्धवाद व प्रयत्नप्रभाव ही अध्यायांची शीर्षकेच ग्रंथाचा आवाका सांगतात. संडास, सांडपाणी, खतांचे खड्डे, विहिरीची स्वच्छता, लग्नातील कर्ज व निवडणुकीतील गटबाजी अशा विषयांना ओवीत स्थान मिळणे ही मराठी धार्मिक काव्याच्या इतिहासातील नवी गोष्ट होती.

वर्णव्यवस्थेचा विचार करताना ग्रंथकार जन्मावर आधारलेली उच्चनीचता नाकारतो व कार्याच्या उपयुक्ततेला महत्त्व देतो. प्रारब्धाच्या नावाखाली निष्क्रिय राहण्यास त्याचा विरोध आहे. चमत्कारांच्या मागे लागणाऱ्या भक्तांनाही तो खडसावतो. स्त्रियांच्या शिक्षणाचा व समान प्रतिष्ठेचा पुरस्कार करताना कुटुंबसंस्थेची पारंपरिक चौकट मात्र तो कायम ठेवतो. ‘भू-वैकुंठ’ ही ग्रंथाच्या अखेरीकडे येणारी कल्पना त्याचे सार सांगते : वैकुंठ मृत्यूनंतर मिळवावयाचे नसून स्वावलंबी, निर्व्यसनी व परस्परसहकारी गावाच्या रूपाने पृथ्वीवरच निर्माण करावयाचे आहे.

ग्रंथाची ओवी सैल बांधणीची असून पहिल्या तीन चरणांत यमक साधणारी आहे. उपमा शेती, बाजार, घरकाम व पशुपालन यांतून घेतलेल्या असतात. श्रोत्यांच्या शंका मांडून त्यांना उत्तरे देण्याची पुराणिकांची रीतही जागोजागी आढळते. पुनरुक्ती, उपदेशाचा अतिरेक आणि काव्यापेक्षा विवेचनाकडे अधिक कल हे त्याचे दोष म्हणून दाखविता येतील. परंतु हा ग्रंथ एकांतात वाचण्यासाठी नसून समुदायात मोठ्याने वाचून चर्चा करण्यासाठी रचलेला आहे, हे लक्षात घेतल्यास यांतील काही दोषांची उपयुक्तताही ध्यानात येते. सुदाम सावरकर यांनी तुकडोजींच्या वाङ्मयाच्या संपादनाचे व चरित्रलेखनाचे महत्त्वाचे कार्य केले.

मूल्यमापन व वारसा : संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) व तुकडोजी महाराज हे दोघेही अमरावती जिल्ह्यातील व समकालीन. गाडगे महाराजांचे साधन प्रश्नोत्तरी कीर्तन व खराटा होते आणि त्यांनी ग्रंथरचना केली नाही. तुकडोजींनी भजनाबरोबर ग्रंथ व संघटना मागे ठेवली. जगाच्या वाङ्मयातही भटकंती व गायन यांवर उभे राहिलेले कवी आढळतात. व्हॅचेल लिंडसी (१८७९–१९३१) हा अमेरिकन कवी १९१२ साली खेड्यापाड्यांतून पायी हिंडत भाकरीच्या मोबदल्यात आपल्या कविता देत असे. श्रोत्यांसमोर गाऊन-म्हणून दाखविणे हाच त्याच्याही काव्याचा प्राण होता. मात्र लिंडसीच्या मागे त्याच्या कवितेभोवती गावे संघटित झाली नाहीत. तुकडोजींच्या बाबतीत काव्याचे आयुष्य मुख्यतः संघटनेत व दैनंदिन आचारात टिकून राहिले.

याच कारणाने मराठी साहित्यसमीक्षेने त्यांची पुरेशी दखल घेतली नाही. मराठी नवकाव्याच्या काळात त्यांची रचना जुन्या वळणाची वाटली आणि संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना ती अतिशय अर्वाचीन वाटली. दोन्ही कसोट्यांच्या मधोमध पडलेल्या या काव्याचा वाचकवर्ग ग्रंथालयांपेक्षा गावच्या प्रार्थनामंदिरात अधिक राहिला.

नागपूर विद्यापीठास २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या कवीचे नाव १९२३ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला मिळावे, ही त्यांच्या लोकमान्यतेची साक्ष होय. डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले असून महाराष्ट्र शासनाच्या स्वच्छ ग्राम स्पर्धेसही त्यांचे नाव आहे. मोझरी येथे पुण्यतिथीस त्यांच्या निधनाच्या वेळी मौन पाळून सामूहिक श्रद्धांजली वाहिली जाते. चंद्रपूर जिल्ह्यात त्यांचे अनुयायी तुकारामदादा गीताचार्य यांनी अड्याळ टेकडी येथे ग्रामगीतेतील भू-वैकुंठाची कल्पना श्रमदान व ग्रामशिक्षण यांच्या द्वारे आचरणात आणण्याचा प्रयत्न केला.

चंद्रपूर व १९८२ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली या वनजिल्ह्यांतील अनेक गावांत खंजिरीच्या साथीने भजन व सामुदायिक प्रार्थना चालते. ज्या चिमुरात या भजनांनी एके काळी लोकांना शासनाविरुद्ध उभे केले, तेथेच ती गाव झाडण्याची, दारू सोडण्याची व शेजाऱ्याला सोबत बसविण्याची शिकवण देत राहिली. पहिले काम एका दिवसात घडले आणि त्याची नोंद इतिहासाने घेतली. दुसरे काम संथ, रोजचे व अपुरे असून तुकडोजींच्या स्वतःच्या दृष्टीने तेच अधिक कठीण होते. त्यांच्या काव्याची खरी कसोटीही तेथेच आहे.